दाखल्यात नसलेला रकाना

परवा नातवाचा शाळा सोडल्याचा दाखला हातात आला. लेकीची बदली पुण्याला झाली म्हणून काढलेला. माझी सगळी नोकरी असे दाखले लिहिण्यात गेली, त्यामुळे कागद दिसला की डोळे आपोआप रकान्यांवरून फिरतात. जन्मतारीख, जात, आधीची शाळा, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचे कारण. प्रगती 'चांगली', वर्तणूक 'चांगली', कारण 'पालकांच्या विनंतीवरून'. सगळ्यांचे तेच! आमच्या पिल्लूला दमा आहे, औषधाचा पंप दप्तरात असतो, हे मात्र त्यात कुठेच नाही. त्याची आई नव्या बाईंना सांगेल म्हणा.

मला आठवली ती १९८७ सालची एक मुलगी.

तेव्हा मी वसई तालुक्याच्या पूर्व भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. जवळच वीटभट्ट्या. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबे उचल घेऊन भट्टीवर यायची आणि पावसाच्या तोंडावर परत जायची. ही मुलगी सात-आठ वर्षांची असेल. कडेवर भाऊ घेऊन दाराशी उभी राहायची. मी तिला आत बसवले. पटावर नाव नव्हते, कारण नाव तिच्या गावच्या शाळेत होते. तिथे तिची गैरहजेरी लागत होती आणि माझ्याकडे ती रोज हजर होती, पण कागदावर नव्हती. गंमत आहे की नाही?

एके दिवशी ती वर्गात कोसळली. आम्हाला वाटले उपाशी असेल. गूळ-पाणी दिले, झोपवले. तिची आई पहाटेपासून विटा वाहायची. तिला जाऊन विचारावे असे मला सुचले नाही. पुढे पुन्हा एकदा तसेच झाले, तेव्हाही नाही. नाव कमी होऊ नये म्हणून गावच्या गुरुजींना मी पोस्टकार्ड टाकले, तेही एप्रिलमध्ये. उत्तर आले जूनमध्ये. नाव ठेवले आहे, असे त्यांनी लिहिले होते आणि खाली आणखी दोन ओळी. तिला फिट येतात, आमच्या आरोग्य केंद्रातून गोळ्या चालू होत्या, तिथे घेते ना?

भट्टी तोवर रिकामी झाली होती. पुढच्या दिवाळीनंतर ते कुटुंब आले नाही.

गुरुजींना माहीत होते, दवाखान्याला माहीत होते. रोज सहा तास जिच्यासमोर ती बसत होती त्या बाईलाच माहीत नव्हते.

आता याचा थोडा इतिहास. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, सोबत अनुताई वाघ होत्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आज हे सगळे आपल्याच पालघर जिल्ह्यात (२०१४ पर्यंत ठाणेच). मूल बालवाडीत येत नाही ना, मग बालवाडी त्याच्या अंगणात, ही 'अंगणवाडी' ताराबाईंची. सरकारने १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेत शब्द उचलला तो हाच. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आणि विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात. मला यातले हे फार मोठे वाटते. धाकटे भावंड पाळणाघरात, थोरली वर्गात आणि बघणारी माणसे एकमेकांच्या हाकेवर! कोण आजारी, कोण उपाशी, हे कळवायला पोस्टकार्ड नको.

सरकारी विस्तारात अंगणवाडी एका खात्याची झाली, शाळा दुसऱ्या आणि दवाखाना तिसऱ्या. तीन खाती, तीन रजिस्टरे. मूल गावातच राहिले तर निदान माणसे तरी एकमेकांना भेटतात. मूल हलले की तीनही रजिस्टरे मागे राहतात.

भट्टीवरच्या मुलांसाठी १९९० च्या दशकात विधायक संसदेने भोंगाशाळा काढल्या. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात, त्यावरून नाव. म्हणजे पुन्हा कोसबाडचाच धडा, शाळेने मुलाकडे जायचे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने तर स्पष्टच सांगितले, की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येणार नाही आणि स्थलांतरित मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे काम. हे कलम माझ्या वेळी असते तर! नंतर शिक्षण हमी पत्रक आले. गाव सोडणाऱ्या मुलाने ते सोबत न्यायचे आणि तिथल्या शाळेने त्यावर त्याला बसवून घ्यायचे.

पण मोजणीची तऱ्हा बघा. शाळाबाह्य मुले शोधायला राज्यभर एक दिवसाचे सर्वेक्षण झाले ते ४ जुलै २०१५ ला. जुलैत भट्ट्या बंद असतात हो! तेव्हा ही मुले गावी, पटावर, बहुधा वर्गातसुद्धा. शोधायची तर जानेवारीत शोधावीत.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला जातात. चांगलेच आहे. पण पथक गावात आले त्या दिवशी मूल भट्टीवर असेल तर? महिला व बालविकास खात्याने अलीकडे स्थलांतराची ऑनलाइन नोंद सुरू केली. पहिल्या सहा जिल्ह्यांत आपला पालघरही होता. अंगणवाडीचा आहार आणि लसीकरण पुढच्या ठिकाणी चालू राहावे हा त्यामागचा हेतू.

एक भीती मलाही वाटते. शिक्षकांच्या खोलीत एकदा बोललेले चहाबरोबर गावभर होते. फिट येणाऱ्या मुलीशेजारी कुणी बसायचे नाही, हेही मी पाहिले आहे. म्हणून अशी गोष्ट मोठ्या पटावर लाल शाईने लिहू नये. वर्गशिक्षिका, अंगणवाडीताई, आरोग्यसेविका आणि आई, एवढ्यांना पुरे.

माझी भाची नालासोपाऱ्याकडे शिकवते. दिवाळीनंतर नवे मूल आले की काय करतेस, मी विचारले. म्हणाली, "मावशी, पहिल्या दिवशी गावच्या सरांचा नंबर घेते." मी म्हटले, अंगणवाडीताईचाही घे. आणि संध्याकाळी भट्टीवर जाऊन आईला विचार, रात्री विचार हवे तर, दिवसा ती कामावर असते.