तानपुऱ्याचं पॉलिश मूळचं आहे का?

गोरेगावसारख्या उपनगरात एखादं जुनं घर पुनर्विकासाला गेलं की माळ्यावरून कधीकधी गवसणीत गुंडाळलेला तानपुरा खाली येतो. मिरजेचा आहे, आजोबांनी आणला होता, एवढीच घरच्यांना माहिती. घ्यायला आलेला माणूस मात्र लगेच विचारतो, पॉलिश ओरिजिनल आहे ना?

हा प्रश्न शोभतो जुन्या बास गिटारला. लिओ फेंडरची प्रिसिजन बास 1951 साली आली. त्या काळी फेंडरच्या कारखान्यात नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरत आणि मागणीनुसार मोटारींचे ड्यूको रंगही लावत. रंग सुकेपर्यंत गिटार टेकून राहावी म्हणून तिच्या लाकडात बारीक खिळे ठोकत. त्या खिळ्यांची भोकं 1964च्या सुमारापर्यंतच्या गिटारींत सापडतात. 1968च्या आसपास जाड, काचेसारखं पॉलिएस्टर आलं. त्यामुळे 1962ची म्हणून विकायला आलेल्या गिटारीवर पॉलिएस्टर दिसलं किंवा खिळ्यांची भोकं रंगाने बुजलेली दिसली, तर जाणकार मान हलवतो. पुन्हा रंगवलेल्या गिटारीची किंमत ढोबळ हिशेबाने निम्म्यावर येते.

मिरजेची गोष्ट वेगळी. पटवर्धनांच्या या संस्थानात शिकलगार हत्यारं घडवत, त्यांना धार लावत. इंग्रजी अमलात तलवारींची मागणी आटली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब या शिकलगाराने तंतुवाद्यांचं काम हाती घेतलं, असं सतारमेकर घराणी सांगतात. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची पातळ पाटी, तुणीच्या लाकडाची. गिऱ्हाईकही दारातच मिळालं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहत. वाद्याच्या दुरुस्तीत त्यांचा स्वतःचा हात चालत असे. 1937 साली ते गेले. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणं होतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं.

या वाद्यांवरचं जुनं पॉलिश लाखेचं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्याने हात फिरवत पातळ थर चढवत राहायचं. इथेच गिटारवाल्यांचा हिशेब चुकतो. लाखेचा नवा थर जुन्या थराला किंचित विरघळवून त्यातच मिसळून जातो. दहा वर्षांनी वाद्य जवारी काढायला, म्हणजे तारांच्या झंकारासाठी घोडी घासून घ्यायला, कारागिराकडे गेलं आणि त्याने सहज एक हात मारून दिला, तर आधीचं कुठे संपलं आणि नंतरचं कुठे सुरू झालं, हे त्यालाही सांगता येणार नाही. तो हात मारणं वाद्याच्या देखभालीतच मोडतं.

तेव्हा तपासायचं ते वेगळंच. आधी घोडीच्या आणि खुंट्यांच्या आसपास पाहावं. तिथे हात आणि उजेड कमी पोचतो, त्यामुळे जुना रंग टिकतो. नक्षीच्या खाचांत मळावरच चकाकी चढलेली असेल, कडेच्या पांढऱ्या पट्टीवर तपकिरी रंग ओघळलेला असेल, तर कुणीतरी घाईने काम उरकलंय. मग एखाद्या झाकल्या जागी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस हलकेच टेकवावा. लाख असेल तर चिकट होते, पॉलियुरेथेन ढिम्म राहतं. अतिनील किरणांच्या टॉर्चखाली लाख नारिंगी झळकते; कापसापेक्षा ही तपासणी बरी, कारण तिने वाद्याला डाग पडत नाही. ती पांढरी पट्टी हस्तिदंताची निघाली तर विकायचा विचार सोडावा. वन्यजीव कायद्याने त्या व्यापाराला बंदी आहे.

पण तबली बदललेली असेल किंवा भोपळ्याला तडा जाऊन तो आतून चिकटवलेला असेल, तर पॉलिश कितीही जुनं असो, आवाज पहिला राहील याची खात्री नाही. ज्याला तानपुरा गाण्यासाठी हवाय, त्याने पैसे मोजावेत ते तबली आणि भोपळ्याकडे बघून. मूळ पॉलिशचा हट्ट गिटारच्या संग्राहकांनी धरावा.

एक मात्र टाळावं. घरात फर्निचरचं काम चालू असताना सुताराला ‘यालाही एक हात मारा’ म्हणून तानपुरा देऊ नये. फर्निचरच्या मेलामाईन पॉलिशचा जाड थर तबलीवर बसला की तो खरवडून काढावा लागतो, आणि खरवडताना तबलीची जाडी कमी होते. वाद्य मळकट दिसत असेल तर कोरड्या मऊ कापडाने पुसावं आणि मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एखाद्या कारागिराला दाखवावं.