२,१४,७४,८३,६४७

एकतीस वेळा दोन मांडा, सगळ्यांचा गुणाकार करा, उत्तरातून एक वजा करा. येतात २,१४,७४,८३,६४७. ही मूळ संख्या आहे; एक आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानेच भाग जात नाही.

हे पहिल्यांदा म्हटलं इटलीच्या कातालदीने, पण मूळ संख्या देणारे दोनाचे २३, २९, ३१ आणि ३७ असे चार घात त्याने एका दमात सांगितले आणि त्यातला ३१ तेवढा खरा निघाला. १६४४ मध्ये फ्रान्सच्या मेर्सेन या संन्याशाने अशा घातांची आपली यादी छापली. तीत ६७ आणि २५७ चुकून आले, ६१, ८९, १०७ राहून गेले. तरी दोनाच्या घातातून एक वजा केलेल्या संख्यांच्या या कुळाला आडनाव लागलं ते मेर्सेनचंच.

सिद्धता आली १७७२ मध्ये, सेंट पीटर्सबर्गच्या ऑयलरकडून. तोवर त्याची दृष्टी जवळपास गेली होती. सरळ मार्गाने जायचं तर ४६,३४० पर्यंतच्या साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावा लागला असता. ऑयलरने आधी भाजकालाच अट घातली: २४८ ने भागल्यावर त्याची बाकी १ किंवा ६३ उरलीच पाहिजे. या चाळणीतून शंभरही उमेदवार खाली पडत नाहीत. त्यांपैकी एकानेही भाग गेला नाही.

या संख्येला दोनाच्या तिसाव्या घाताने गुणलं की एकोणीस अंकी परिपूर्ण संख्या मिळते. ६ किंवा २८ सारखी, स्वतःला सोडून उरलेल्या भाजकांच्या बेरजेइतकी. १८११ मध्ये इंग्लंडच्या पीटर बार्लोने लिहिलं, की याहून मोठी परिपूर्ण संख्या कुणी शोधणार नाही, कारण या संख्या नुसत्या गमतीच्या, उपयोग शून्य. १८७६ मध्ये ल्युका या गणितज्ञाने १२७ व्या घाताची संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं आणि भाकीत पार आडवं झालं.

उपयोगाचं म्हणाल तर तोही निघाला. संगणकाच्या ३२ बिटांपैकी एक बिट चिन्हाला गेला की उरलेल्या एकतीस जागी १ भरून हीच संख्या होते. तिथे ती मूळ आहे याचं कुणाला काही नाही. ती फक्त काठोकाठ भरलेलं भांडं. मूळपण कामाला आलं ते यादृच्छिक संख्या काढताना. १ घ्या, १६,८०७ ने गुणा, आपल्या संख्येने भागा, बाकी ठेवा, पुन्हा गुणा. भाजक मूळ असल्याने बाकी कधी शून्य होत नाही, आणि १६,८०७ हा गुणक निवडलाय असा, की १ पुन्हा दिसायला २,१४,७४,८३,६४६ पावलं लागतात. बार्लोला हे दाखवायला हवं होतं.

भांडं मात्र कधीतरी भरतंच. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणाऱ्या ३२ बिटांच्या जुन्या घड्याळांत ते १९ जानेवारी २०३८ ला, भारतात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले असताना भरेल. पुढच्या सेकंदाला अशी घड्याळं डिसेंबर १९०१ दाखवतील.