वाचलेल्या युनिटचा हिशेब

29 सप्टेंबर 2001 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळून ऊर्जा संवर्धन अधिनियम हा त्या वर्षीचा 52 वा कायदा झाला. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळून तेव्हा अठरा दिवस झाले होते, त्यामुळे जगाचे आणि आपलेही लक्ष दुसरीकडे होते. महाराष्ट्रात विजेचा विषय चर्चेत नव्हता असे नाही, पण ती चर्चा दाभोळची होती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या अंजनवेलचा तो अवाढव्य प्रकल्प मे महिन्यात बंद पडला होता. त्याची महागडी वीज घेणे राज्य वीज मंडळाला परवडत नव्हते आणि करार मोडणेही सोपे नव्हते. योगायोग असा की केंद्रातले ऊर्जामंत्री तेव्हा सुरेश प्रभू होते, म्हणजे शेजारच्याच राजापूरचे खासदार. एकाच मंत्र्याच्या टेबलावर एका बाजूला न वापरलेल्या विजेचे बिल आणि दुसऱ्या बाजूला वीज न वापरण्याचा कायदा, असे ते वर्ष होते.

मी त्या वेळी एका सूतगिरणीत विद्युत विभाग सांभाळत होतो. कायदा झाल्याचे मला बऱ्याच उशिरा कळले, तेही कामगारांच्या सूचनाफलकावर लागलेल्या एका परिपत्रकातून. पुढे ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा दिली, वीसेक वर्षे याच कामात काढली आणि आता निवृत्तीनंतर या कायद्याची कूळकथा लिहायला बसलो आहे. मी या विषयात तटस्थ नाही, हे वाचकांना आधीच सांगितलेले बरे.

कथेची सुरुवात 1973 पासून करावी लागते. अरब–इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले आणि परकीय चलनाची आधीच चणचण असलेल्या आपल्या देशाला प्रथमच जाणवले की इंधन ही जपून वापरायची गोष्ट आहे. पेट्रोलियम संवर्धनासाठी एक कृतिगट नेमला गेला, 1978 मध्ये त्याचीच पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था झाली. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, सिग्नलला इंजिन बंद करा, या जाहिराती माझ्या पिढीला पाठ आहेत. पण ही सगळी भाषा उपदेशाची होती. बचत हा नागरिकाचा सद्गुण, सरकारचे काम तो सद्गुण शिकवण्याचे.

हिशेबाची भाषा आली ती 1981 मध्ये नेमलेल्या आंतर-मंत्रालयीन कार्यगटामुळे. या गटाचा अहवाल 1983 मध्ये आला. उद्योग, वाहतूक आणि शेती या तीन क्षेत्रांत सुमारे 3,600 कोटी रुपये गुंतवले तर दरवर्षी सुमारे 1,925 कोटी रुपयांची ऊर्जा वाचेल, असा त्याचा अंदाज होता. म्हणजे दोन वर्षांच्या आत पैसे वसूल. कोणत्याही व्यापाऱ्याने डोळे झाकून करावा असा हा सौदा. आपल्याला मात्र त्यावर कायदा करायला आणखी अठरा वर्षे लागली. मधल्या काळात 1989 मध्ये एक ऊर्जा व्यवस्थापन केंद्र उभे राहिले आणि 1991 पासून 14 डिसेंबर हा ऊर्जा संवर्धन दिन म्हणून साजरा होऊ लागला. दिन साजरा करण्यात आपण कधीच मागे नसतो.

हा उशीर का झाला, याचे माझे उत्तर असे आहे. धरण दिसते, चिमणी दिसते, कोनशिला बसवता येते. न बांधलेल्या वीजकेंद्राचे उद्घाटन कोण करणार? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अमूल्य रेड्डी ऐंशी-नव्वदच्या दशकांत हेच पुन्हा पुन्हा सांगत होते. कर्नाटकच्या सरकारी वीज आराखड्यासमोर त्यांनी स्वतःचा पर्यायी आराखडा ठेवला. 'किती मेगावॉट हवेत' या प्रश्नाऐवजी 'लोकांना उजेड, पाणी, थंडावा किती हवा आणि तो किती कमी विजेत देता येईल' असा प्रश्न त्यांनी विचारला. पुण्यात 'प्रयास'च्या गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी तीच पद्धत महाराष्ट्राला लावून पाहिली आणि दाभोळसारखा प्रकल्प खरोखर लागतो का, हे आकडे मांडून तपासले. त्या आकडेमोडीला राज्यकर्त्यांनी किती किंमत दिली हे 2001 च्या मे महिन्यात दिसले.

आता कायद्याकडे येऊ. तो 1 मार्च 2002 पासून लागू झाला आणि त्याच दिवशी जुने ऊर्जा व्यवस्थापन केंद्र पोटात घेऊन ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो जन्माला आला. राज्यांनी आपापली संस्था नेमायची होती, आपल्याकडे ते काम पुण्याच्या 'महाऊर्जा'कडे गेले. कायद्याने सरकारला तीन मुख्य अधिकार दिले. उपकरणांसाठी किमान मानके आणि लेबले ठरवणे, मोठ्या इमारतींसाठी संहिता करणे, आणि भरपूर ऊर्जा खाणाऱ्या उद्योगांना 'नामनिर्देशित ग्राहक' ठरवून त्यांच्यावर ऊर्जा व्यवस्थापक व लेखापरीक्षण बंधनकारक करणे.

पण सव्विसावे कलम वाचले की हसू येते. मूळ कायद्यात दंड होता जास्तीत जास्त दहा हजार रुपये, आणि पहिली पाच वर्षे तोही कोणाला लागू होणार नव्हता. आमच्या गिरणीची एका दिवसाची वीज याच्या कितीतरी पट रकमेची होती. मी पहिल्यांदा केलेला लेखापरीक्षण अहवाल साहेबांनी बारकाईने वाचला, शाबासकी दिली आणि कपाटात ठेवला. दोन वर्षांनी तो मला त्याच जागी, त्याच फितीत बांधलेला सापडला. दंडाची रक्कम 2010 च्या दुरुस्तीने दहा लाखांवर गेली, तेव्हा कुठे अशी कपाटे उघडू लागली.

तरी पाच वर्षांच्या या सवलतीला मी सरसकट दोष देणार नाही. 2001 च्या जनगणनेनुसार देशातल्या जेमतेम 56 टक्के घरांत उजेडासाठी वीज होती. म्हणजे जवळजवळ निम्मा देश कंदिलावर असताना आपण बचतीचा कायदा करत होतो. ज्याच्या घरी दिवाच नाही त्याला दिवा मालवायला काय सांगणार? संसदेपासून आमच्या गिरणीच्या कॅन्टीनपर्यंत हा आक्षेप कुठेही घेता येण्यासारखा होता आणि तो चुकीचा नव्हता. त्याला उत्तर एकच, आणि ते रेड्डींनी आधीच दिले होते: गरीब देशालाच कमी विजेत जास्त काम करून घेण्याची गरज जास्त, कारण उरलेल्या घरांना द्यायची वीज यातूनच निघणार. उत्तर बिनतोड आहे. फक्त त्यात एक गृहीतक लपलेले आहे की वाचलेले युनिट त्या अंधाऱ्या घरापर्यंत पोहोचेल.

महाराष्ट्रात 2005 नंतर हे गृहीतक सगळ्यांनीच तपासून पाहिले. मंडळाचे तुकडे होऊन महावितरण जन्माला आले तेच भारनियमनाच्या तोंडावर. गावात दिवसाचे बारा बारा तास लाइट नसायची. 2006 मध्ये पुण्यात वेगळीच शक्कल निघाली. उद्योगांनी गर्दीच्या वेळी स्वतःचे जनरेटर चालवून ग्रिडवरची वीज मोकळी करायची, जनरेटरच्या महाग विजेचा जादा खर्च पुण्याच्या ग्राहकांनी थोडा थोडा उचलायचा, आणि शहर भारनियमनमुक्त! राज्य वीज नियामक आयोगाने तिला मान्यता दिली. पुणेकरांना अर्थातच ती आवडली. माझे एक चुलतभाऊ तेव्हा माढा तालुक्यात राहत. ते फोनवर एवढेच म्हणाले, "तुमच्याकडे पंखा चालू असल्याचा आवाज येतोय."

कार्यक्रमांपैकी लोकांच्या ओळखीचा झाला तो तारांकनाचा. 2006 च्या मे महिन्यात तो ऐच्छिक म्हणून सुरू झाला, जानेवारी 2010 पासून एसी, फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, ट्यूबलाइट आणि वितरण रोहित्रे यांना सक्तीचा झाला. त्यातली खरी हुशारी ताऱ्यांत नाही, तर ठरावीक काळाने पट्टी वर सरकवण्यात आहे. काल पाच तारे असलेला एसी आज तीन ताऱ्यांचा ठरतो आणि कंपनीला पळत राहावे लागते. मात्र ज्या उपकरणाशिवाय गरिबाचे घर चालत नाही, त्या छताच्या पंख्यावर ही सक्ती यायला 2023 उजाडले. साधा पंखा 75 वॉट खातो, बीएलडीसी मोटरचा तेवढाच वारा 30 वॉटच्या आसपास देतो. एसीला 2010 आणि पंख्याला 2023, या तेरा वर्षांच्या अंतरावर वेगळा निबंध होऊ शकेल.

बल्बची गोष्ट मात्र उजळ आहे. आधी 2009 मध्ये 'बचत लॅम्प योजना' आली. पंधरा रुपयांत सीएफएल द्यायचा आणि उरलेली किंमत कार्बन क्रेडिट विकून काढायची. पुढे युरोपातला कार्बनचा बाजार कोसळला आणि योजनेखालची जमीनच सरकली. त्यानंतर सरकारी कंपन्यांनी मिळून उभारलेल्या ईईएसएलने वेगळा रस्ता धरला: अनुदान नाही, फक्त प्रचंड घाऊक खरेदी. 2014 च्या सुरुवातीला एलईडी बल्बची खरेदी किंमत 310 रुपये होती, 2016 पर्यंत ती 38 रुपयांवर आली. जगभर एलईडी स्वस्त होतच होते हे खरे, पण इतक्या वेगाने नाही. 'उजाला' नावाने 36 कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. वीजबिलाची प्रत हातात धरून लागलेल्या त्या रांगा आणि 'एकदम पांढराफटक उजेड, दवाखान्यासारखा' ही तक्रार मला चांगली आठवते. तक्रार करणाऱ्यांनीही बल्ब परत केला नाही.

उद्योगांसाठीची 'पॅट' योजना 2012 ते 2015 या पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतल्या 478 कारखान्यांना लागू झाली. लक्ष्यापेक्षा जास्त वाचवले तर प्रमाणपत्र मिळणार, कमी पडले तर दुसऱ्याचे विकत घ्यायचे. लक्ष्य 66.9 लाख टन तेलाइतक्या ऊर्जेचे होते, बचत झाली 86.7 लाख टन. कागदावर घवघवीत यश. पण सुमारे 38 लाख प्रमाणपत्रे वाटली गेली आणि विकत घेण्याची गरज होती जेमतेम 14 लाखांची, तेव्हा बाजारात भाव पडणारच. लक्ष्ये सोपी होती, हे आम्ही कारखान्यांतले लोक आपसात तेव्हाही बोलत होतो.

आणि शेती? 1983 च्या अहवालातले हे तिसरे क्षेत्र कायद्याच्या जवळपास बाहेरच राहिले. मीटर नसलेल्या पंपांना अश्वशक्तीवर आकारणी होते. एक तास चालवा की आठ तास, बिल तेच. कमी दाबाची वीज मोटर जाळते, म्हणून शेतकरी जाड वाइंडिंगची, गरजेपेक्षा मोठी मोटर बसवतो. ती जळली की गावातच रिवाइंडिंग करतो आणि प्रत्येक वेळी ती थोडी जास्त वीज खाऊ लागते. अशा जुन्या पंपसंचांची कार्यक्षमता 20 ते 35 टक्क्यांतच घुटमळते. ब्यूरोने यावर देशातला पहिला प्रायोगिक प्रकल्प घेतला तो आपल्या सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढा भागात. सुमारे 2,200 जुने पंप काढून तारांकित पंप बसवले, शेतकऱ्याकडून पैसे न घेता.

काही वर्षांनी एका कामानिमित्त मी त्या भागात गेलो होतो. ज्वारी हुरड्यात होती. विहिरीच्या काठावर एक वयस्कर बागायतदार भेटले. मी नवा पंप कसा आहे म्हणून विचारले.

"चांगलाय की," ते म्हणाले. "जुन्यापेक्षा जास्त पाणी फेकतोय."

"मग आता कमी वेळ चालवावा लागत असेल."

"तो कशाला? लाइट आठ तास येती. आठ तास चालतोय."

मी वहीत घेतलेला हिशेब पाहिला. जुन्या पंपाचा प्रवाह, नव्याचा प्रवाह, तासांचा आकडा, वाचलेली युनिट्स. त्यात पाण्याचा रकाना नव्हता.

"काका, विहिरीला पाणी किती आहे आता?"

त्यांनी काठावरचा एक खडा उचलून आत टाकला आणि आवाज येईपर्यंत आम्ही दोघे थांबून राहिलो.