जुनी स्कूबा साधने : दुरुस्ती आणि सुटे भाग

पाठीवरच्या सिलिंडरमध्ये दाबून भरलेली हवा पाण्याखाली श्वासापुरती पुरवणारा साधनसंच म्हणजे स्कूबा. या नोंदीत ‘जुनी साधने’ म्हणजे साधारण १९४३ ते १९८० या काळातले हवेचा दाब उतरवणारे रेग्युलेटर, सिलिंडर आणि त्यांच्या झडपा. त्यांतल्या बहुतेकांचे उत्पादन कधीच थांबले आहे. दुरुस्तीचा प्रश्न मुख्यतः रबराचा असतो. पितळ टिकते, जपलेले पोलादही टिकते. रबर मात्र कपाटात पडूनही मरते. म्हणून जुना संच हाती आला की आधी त्यातले रबर पाहावे, मग सिलिंडरवरचा चाचणीचा शिक्का. चकाकीचा विचार सर्वांत शेवटी.

फ्रान्समधील एर लिक्विड कंपनीचा अभियंता एमिल गान्यां याने युद्धकाळातील पेट्रोलटंचाईत मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एक झडप तयार केली होती. झाक-इव्ह कुस्तो या नौदल अधिकाऱ्याबरोबर त्याने १९४३ मध्ये तिचे श्वसनयंत्र बनवले, तेच ‘ॲक्वालंग’. सुरुवातीच्या रेग्युलेटरची डबी मानेमागे असे आणि तिच्यातून दोन सुरकुतलेल्या रबरी नळ्या तोंडाशी येत, एक श्वास घेण्याची आणि दुसरी सोडण्याची. सोडलेली हवा दाब जाणणाऱ्या डायफ्रामच्या शेजारीच बाहेर पडावी, दोन्ही ठिकाणी पाण्याचा दाब सारखा राहावा, म्हणून दुसरी नळी मागे नेलेली असे. १९५५ च्या ‘मिस्त्राल’ रेग्युलेटरमध्ये सिलिंडरचा दाब एकाच टप्प्यात उतरतो, १९५८ च्या ‘डी.ए. ॲक्वामास्टर’मध्ये दोन टप्प्यांत. ऑस्ट्रेलियात टेड एल्ड्रेड याने १९५२ मध्ये ‘पॉर्पस’ हा एकनळी रेग्युलेटर विक्रीस आणला. पुढे सगळे जग त्याच वाटेने गेले. सुटे भाग शोधणाऱ्याला हा इतिहास उपयोगी पडतो, कारण आपले यंत्र एकटप्पी की दोनटप्पी, एकनळी की दोननळी, हे कळल्याशिवाय मागणी नोंदवताच येत नाही.

दोननळी रेग्युलेटरमध्ये मरणारे भाग ठरलेले असतात : डायफ्राम, श्वास सोडण्याची डकबिल झडप, दोन्ही नळ्या आणि तोंडात धरायचा मुखभाग. नैसर्गिक रबर उन्हाने, उष्णतेने आणि हवेतल्या ओझोनने तडकते. नळीच्या घड्या बोटांनी ताणून पाहिल्या की तळाशी बारीक चिरा दिसतात. तेवढी चीर पुरेशी असते. ती नळी पाण्यात नेऊ नये. अमेरिकेतील काही छोटे उत्पादक हे भाग आता सिलिकोनमध्ये नव्याने बनवतात आणि ते मूळ भागांपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. जुन्या दोननळी यंत्राला दाबमापक किंवा जादा मुखनळी जोडायला जागा नसते. ती देणारे जोडभागही मिळतात. पाण्यात उतरायचेच असेल तर या बदलाला कमीपणा मानू नये. पाण्याखाली किती हवा उरली हे दिसणे मूळ रूप राखण्यापेक्षा मोलाचे आहे.

उघडण्याचे काम घाईचे नसते. क्रोम चढवलेले पितळ सरळ लोखंडी शेगड्यात धरले तर जबड्यांचे वण कायमचे उठतात, म्हणून मध्ये लाकूड किंवा ॲल्युमिनियमची पट्टी घालतात. जाम झालेल्या आट्यांवर भेदक तेल सोडून रात्रभर ठेवतात. हिरवट गंज काढायला सम प्रमाणात गरम पाणी घातलेले पांढरे व्हिनेगर घेतात आणि भाग त्यात थोडाच वेळ ठेवतात. ॲल्युमिनियमचे भाग त्यात टाकत नाहीत. भांडी घासायच्या पुडीने क्रोम घासू नये. थर गेला की खालचे पितळ लवकर काळवंडते. शेवटी गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, ओ-रिंगांना सिलिकोन ग्रीस लावतात. साधे पेट्रोलियम ग्रीस रबर फुगवते. जिथे शुद्ध ऑक्सिजनशी संबंध येतो तिथे तर ते आग लावू शकते.

जोडलेले यंत्र तपासल्याशिवाय दुरुस्ती पुरी झाली असे म्हणू नये. दोनटप्पी यंत्रात पहिल्या टप्प्यानंतरचा दाब साधारण ८ ते १० बार असतो. दाबमापक लावून थोडा वेळ पाहिले आणि काटा हळूहळू वर सरकत राहिला, तर उच्चदाबाच्या झडपेची बैठक गळते आहे. दुसरी चाचणी श्वासाच्या ओढीची. त्यासाठी गवंडी लेव्हल पाहायला वापरतात तशी पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिच्यात पाणी भरले की साधा पाणमापक तयार होतो. चांगली लावलेली झडप साधारण २ ते ४ सेंटिमीटर पाण्याच्या ओढीला उघडते. जास्त ओढ लागत असेल तर खोल पाण्यात पाणबुड्याचा दम जातो. फारच कमी लागत असेल तर हवा आपोआप वाहून संपते.

सुट्या भागांपैकी ओ-रिंगा सर्वांत सहज मिळतात, कारण त्यांची मापे उद्योगभर एकच आहेत. सिलिंडरच्या झडपेच्या तोंडावर बसणारी सामान्यतः ०१४ क्रमांकाची, तर पाऊण इंची मानेत बसणारी २१४ क्रमांकाची. सोलापूर जिल्ह्यातला वैराग-बार्शी भाग समुद्रापासून दूर असला तरी ट्रॅक्टर आणि जेसीबीच्या हायड्रॉलिकचे काम करणाऱ्या दुकानांत याच मापांच्या रिंगा मागता येतात. मापाबरोबर नायट्राइल रबर आणि त्याचा कडकपणाही पाहावा, आणि रिंग कोरी असावी, हायड्रॉलिक तेलाच्या डब्यातून काढलेली नसावी. गेलेला स्क्रू, झिजलेली रिंगनट, दुर्मीळ पाना असे भाग जिल्ह्याच्या ठिकाणचा चांगला टर्नर नमुना पाहून लेथवर काढून देऊ शकतो. मात्र आटे आधी मोजून द्यावेत. फ्रेंच यंत्रे मेट्रिक मापात असतात आणि अमेरिकी यंत्रे इंची मापात. जवळपास बसणारा आटा दाबाखाली निसटतो. दाब अडवणारी बैठक मात्र अंदाजाने करू नये. ती कारखान्याच्या मापाचीच हवी. बंद पडलेल्या दुसऱ्या यंत्रातला चांगला भाग काढून बसवणे ही जगभर सर्वांत रुळलेली पद्धत आहे. त्यामुळे मोडके यंत्रही फेकू नये.

वैरागच्या पट्ट्यात आणखी एक सावधगिरी लागते. काळ्या पाषाणात विहिरी खोदताना ट्रॅक्टरवरचे कंप्रेसर इथे नेहमीचे आहेत, पण अशा कंप्रेसरने स्कूबा सिलिंडर भरू नये. टायरवाल्याचा कंप्रेसर ८ ते १० बारपर्यंत जातो. स्कूबा सिलिंडरला १५० ते २०० बार लागतात. मुळात ही हवा श्वसनासाठी गाळलेली नसते. तिच्यात तेलाचे कण असतात, आणि शेजारी इंजिन चालू असेल तर कार्बन मोनॉक्साइडही असतो. २० मीटर खोलीवर दाब तिप्पट होतो आणि विषाचा परिणामही त्याच प्रमाणात वाढतो. दवाखान्यातला ऑक्सिजन भरून पाण्यात उतरणेही तितकेच जिवावरचे आहे, कारण शुद्ध ऑक्सिजन सुमारे ६ मीटरच्या खाली झटके आणू शकतो. विहिरीत पडलेली मोटार किंवा भांडे काढण्यासाठी दुरुस्त केलेला जुना संच वापरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण अरुंद, गाळाने आंधळ्या पाण्यात अननुभवी माणसाने तो वापरू नये.

सिलिंडरच्या बाबतीत घरगुती दुरुस्ती नाहीच. जुन्या पोलादी सिलिंडरांपैकी अमेरिकी ‘७२’ सर्वांत प्रसिद्ध. त्याचा कामाचा दाब २,२५० पीएसआय, म्हणजे सुमारे १५५ बार. आत ओलावा राहिला तर गंज चढतो, आणि गंज चढताना बंद हवेतला ऑक्सिजन खाल्ला जातो. म्हणून वर्षानुवर्षे भरून ठेवलेली हवा श्वासाला घ्यायची नसते. ॲल्युमिनियमच्या जुन्या सिलिंडरांत ६३५१ या मिश्रधातूचे सिलिंडर मानेशी तडकतात असे आढळले; लक्सफर कंपनीने अमेरिकेत १९८८ मध्ये ते सोडून ६०६१ घेतला. भारतात सिलिंडर भरणे, बाळगणे, तपासणे हे गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येते. त्याचे नियंत्रण करणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय नागपूरला आहे. परदेशातून आणलेला, मान्यतेचा शिक्का नसलेला जुना सिलिंडर भरून मागू नये. मान्यताप्राप्त केंद्रात जलदाब चाचणी झाली की तारीख खांद्यावर कोरली जाते; पुसट शिक्का तासून पुन्हा मारणे हा गुन्हा आहे आणि धोकाही.

त्या काळातल्या काही सिलिंडरांवर ‘जे’ झडप असते. तिच्यातली स्प्रिंग सुमारे २० बार हवा राखून ठेवते. श्वास जड झाला की पाणबुड्या तार ओढून झडपेचा दांडा खाली आणतो आणि ती हवा मोकळी करतो. भरताना हा दांडा खाली असावा लागतो, नाहीतर सिलिंडर पुरता भरत नाही. उतरण्यापूर्वी तो वर आहे ना हे पाहणे राहिले, तर राखीव हवा नकळत संपते. स्प्रिंग थकलेली असेल तर झडप निव्वळ शोभेची समजावी आणि दाबमापकावरच विसंबावे.

महाराष्ट्र आणि गोव्यात पाण्याखाली उतरण्याच्या विद्येचे तीन वेगळे प्रवाह दिसतात. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ मध्ये एस. आर. राव यांच्या पुढाकाराने सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू झाले आणि स्कूबा हे संशोधकाचे हत्यार बनले. द्वारकेजवळचा शोध त्याच कामाचा भाग. मुंबईत १९७४ नंतर बॉम्बे हायच्या तेलक्षेत्राने व्यावसायिक पाणबुड्यांचा धंदा वाढवला. पण ते जहाजावरून नळीने हवा घेणारे, शिरस्त्राण घालून काम करणारे पाणबुडे. त्यांच्या दुकानांत दोननळी रेग्युलेटरचा भाग मागण्यात अर्थ नाही. तिथे झडपांची उत्तम जाण असलेला कारागीर मात्र भेटू शकतो. तिसरा प्रवाह मालवण-तारकर्लीचा, पर्यटनाचा. तिथले संच नवे असतात, पण सिलिंडर भरण्याची शुद्ध हवा आणि नियमित देखभालीची सवय तिथे आहे.

जुना माल मुंबईत दारूखान्यातल्या भंगारात, मटण स्ट्रीटच्या चोर बाजारात किंवा गुजरातच्या अलंगमधल्या दुकानांत शोधला जातो. तिथे दिसणारे अनेक श्वसनसंच जहाजावरच्या आग विझवणाऱ्यांचे असतात. दिसायला ते स्कूबासारखे, पण त्यांची झडप पाण्याखाली वापरण्यासाठी नसते. तांब्या-पितळेची पाणबुड्याची शिरस्त्राणेही तिथे मिळतात. त्यांत सीबे गॉर्मन या लंडनच्या कंपनीचे नाव कोरलेले नवे नमुने फार असतात. रूरकी आणि मुरादाबादच्या पितळकामातून ते बनतात आणि शोभेची वस्तू म्हणून छानच असतात. खऱ्या शिरस्त्राणाचा क्रमांक डोक्याच्या भागावर आणि छातीच्या पट्टीवर जुळतो, त्याची फिरकीची जोडणी यंत्रावर कापलेली असते आणि काचेच्या खिडक्या जाड असतात. पातळ पत्रा, सैल जोडणी आणि एकाच छापाचा मळकट रंग दिसला, तर प्राचीन वस्तूची किंमत देऊ नये.