‘फॅक्स मिळाला नाही’ : हे वाक्य फाइलमध्ये सापडलं तर?

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. तसा तो अगदी नवा नाही. इंग्रजांच्या काळात बाशीम जिल्हा होताच, १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला. पण १९९८ नंतरच्या वाशीमवर काम करायला बसलं की एक गोष्ट लक्षात येते : या जिल्ह्याची पहिली वर्षं ही फॅक्सची वर्षं आहेत. विभागीय आयुक्त अमरावतीला, मंत्रालय मुंबईला आणि खाली रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा हे तालुके. टपालाला दिवस लागायचे, ईमेल अजून रुळला नव्हता. तातडीची माहिती म्हणजे फॅक्स.

त्यामुळे त्या काळातल्या कागदांत ‘फॅक्स प्राप्त झाला नाही’ या अर्थाचा शेरा बऱ्याचदा भेटतो. सुरुवातीला मी असा शेरा दिसला की वहीत सरळ लिहायचो, ‘माहिती वेळेत पोहोचली नाही’. ही चूक होती. कारण या एका शेऱ्यात चार वेगळ्या घटना लपलेल्या असू शकतात. फॅक्स पाठवलाच नाही. पाठवला, पण लाइन लागली नाही. समोरच्या मशीनपर्यंत गेला, पण नीट छापला नाही. किंवा व्यवस्थित छापला, पण टेबलावरून पुढे सरकला नाही. पहिल्यात दोष पाठवणाऱ्याचा, दुसऱ्यात टेलिफोन लाइनचा, तिसऱ्यात मशीनचा आणि चौथ्यात घेणाऱ्याचा. टंचाईचा अहवाल उशिरा गेला म्हणून गावाला टँकर उशिरा मिळाला असेल, तर हा फरक किरकोळ नाही ना!

मग ओळखायचं कसं? इथे मशीन दुरुस्त करणारा माणूस आपला गुरू. तो ज्या खुणांवरून बिघाड शोधतो, त्याच खुणा आपल्याला पुरावा म्हणून वाचता येतात.

आधी यंत्र थोडक्यात. १९८० साली ठरलेल्या ‘ग्रुप थ्री’ या आंतरराष्ट्रीय मानकामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन एकमेकांशी बोलू लागली आणि एक पान साधारण मिनिटभरात जाऊ लागलं. फोन लागला की दोन्ही मशीन शिट्टीसारखे आवाज काढून एकमेकांना ओळखतात, वेग ठरवतात, मग पान जातं. पान संपलं की घेणारं मशीन ‘मिळालं’ असा संकेत परत पाठवतं. त्यावरून पाठवणाऱ्याकडे ‘ओके’ लिहिलेली पावती निघते.

आता पानाच्या माथ्यावरची बारीक ओळ बघा : तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचा नंबर, पान क्रमांक. ही ओळ कागदावरून स्कॅन होत नाही, पाठवणारं मशीन ती स्वतः तयार करून जोडतं. सगळी गंमत इथेच आहे.

समजा, पानावर वरपासून खालपर्यंत काळी रेघ आहे. ती मजकुरातून जाते, पण माथ्याची ओळ स्वच्छ आहे, तर पाठवणाऱ्याच्या मशीनची काच मळलेली होती. रेघ माथ्याच्या ओळीतूनही गेली असेल, तर बिघाड घेणाऱ्याच्या छपाईत होता. कोऱ्या पानाचंही तसंच. माथ्याची ओळ आहे आणि खाली काहीच नाही, तर बहुधा पाठवणाऱ्याने कागद उलटा घातला. ओळसुद्धा नाही, तर घेणाऱ्याकडचा थर्मल रोल उलटा बसवलेला असू शकतो. आणि लक्षात घ्या, या दोन्ही कोऱ्या पानांना ‘ओके’ची पावती मिळते! म्हणजे ‘ओके’ फक्त इतकंच सांगतं की मशीनने मशीनला पोच दिली. माणसाने वाचलं, हे ते सांगत नाही. फॅक्स केल्यावर परत फोन करून ‘मिळाला का?’ असं विचारायची सवय उगाच नव्हती.

तारखेवरही डोळे झाकून विश्वास नको. ती पाठवणाऱ्या मशीनच्या घड्याळाची असते. वीज गेल्यावर आणि आतली बॅटरी संपलेली असली की काही मशीनचं घड्याळ मागे जाऊन बसतं. म्हणून ती तारीख आवक नोंदवहीशी ताडून बघायचीच.

तारखेवर किती अवलंबून असतं, याचं चांगलं उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या ‘एसआयएल इम्पोर्ट विरुद्ध एक्झिम एड्स सिल्क एक्सपोर्टर्स’ या निकालात मिळतं. चेक न वटल्याची नोटीस ११ जून १९९६ ला फॅक्सने गेली, तीच रजिस्टर टपालाने २५ जूनला पोहोचली. तक्रार दाखल झाली ८ ऑगस्टला. टपालाची तारीख धरली तर तक्रार मुदतीत, फॅक्सची धरली तर मुदतीबाहेर. न्यायालयाने फॅक्सची नोटीसही लेखी नोटीस मानली आणि तक्रार टिकली नाही. पाठवणाऱ्यालाच स्वतःचा लवकर पोहोचलेला फॅक्स नडला. उलट बाजू २०१८ मध्ये जम्मू-काश्मीरात दिसली. मेहबूबा मुफ्तींचं सरकार स्थापनेच्या दाव्याचं पत्र राजभवनाच्या फॅक्सवर जाईना. सुट्टी असल्याने फॅक्सपाशी कुणी नव्हतं, असं राज्यपालांनी नंतर सांगितलं. विधानसभा त्याच रात्री बरखास्त झाली. आपल्या चार शक्यतांपैकी ही नेमकी कोणती, यावर तेव्हा देशभर वाद झाला.

आपल्यासाठी सगळ्यात तातडीची गोष्ट मात्र वेगळी आहे. थर्मल कागदावरची अक्षरं शाईची नसतात. उष्णतेने काळा पडणारा लेप असतो तो, आणि ऊन, उकाडा, प्लास्टिकचं फोल्डर यांनी तो फिका पडत जातो. विदर्भातल्या उन्हाळ्यात गठ्ठ्यात पडलेल्या फॅक्सचं काय होत असेल, सांगायला नको. हुशार कारकून लगेच झेरॉक्स काढून लावायचे, पण झेरॉक्समध्ये कडेची माथ्याची ओळ कापली जाते. मजकूर वाचतो, साक्ष जाते.

म्हणून अभिलेख कक्षात फॅक्स दिसला तर तीन कामं करा. परवानगी घेऊन पूर्ण पानाचा, कडांसकट फोटो काढा. माथ्याची ओळ वहीत जशीच्या तशी उतरवा. आणि पाठवणाऱ्या कार्यालयाची जावक नोंद व घेणाऱ्याची आवक नोंद, दोन्ही शोधा. ती जुळेपर्यंत ‘पोहोचला नाही’ असं न लिहिता ‘पोहोचला नसल्याचा शेरा आहे’ एवढंच लिहा.

याच वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. त्याच्या ३७ व्या राज्यवर्षाचा, दीड हजार वर्षांहून जुना, आणि आजही वाचता येतो. १९९८ चा फॅक्स कदाचित पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही टिकणार नाही. तेव्हा आधी तो गठ्ठा सोडा.