पहिला डीएसएलआर : लेन्स कोणती, सामान कोणते?

निकाह, वलीम्याचे फोटो काढून कमाई करू पाहणाऱ्या आपल्या तरुणांना आम्ही सांगू : सगळा पैसा बॉडीत घालू नका. सोबत मिळणारी १८-५५ एमएम लेन्स सुरुवातीला पुरते. पण हॉलमध्ये उजेड कमी असतो. तिथे ५० एमएम एफ/१.८ कामाची, एफ/५.६ पेक्षा ती जवळपास १० पट प्रकाश आत घेते. खोली लहान असेल तर ३५ एमएम बरी. निकॉन डी३५०० सारख्या बॉडीत फोकस मोटर नसते, म्हणून मोटरवाली एएफ-एस लेन्सच बघा. नाहीतर फोकस हाताने करावा लागतो. जादा बॅटरी आणि दोन मेमरी कार्डं हवीतच. ‘कबूल है’चा क्षण पुन्हा येत नाही. कोकणात पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा.