गाव कोणतं, आडनाव काय?

नाशिकला रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर यात्रेकरू पोचला की त्याला आधी विचारलं जातं ते गाव आणि आडनाव. त्यावरून त्या घराण्याचं उपाध्येपण कुणाकडे हे ठरतं आणि मग चोपडी उघडते. आजोबा-पणजोबा कधी आले, बरोबर कोण होतं, कुणाचे दिवस घातले, सगळं तीत सापडतं. जुनी पानं मोडीत. आलेला माणूस त्याच्याखाली आपली, भावांची, मुलांची नावं घालून सही करतो. मूळ गाव सुटलं असेल तर ‘हल्ली मुक्काम’ही लिहिला जातो. हरिद्वार, गया, प्रयाग इथेही हीच रीत आहे. अशा चोपडीतून आपली वंशावळ काढून माणसं समाधानाने घरी जातात. पण सामान्य रयत कुठून उठली नि कुठे जाऊन वसली, याचं इतकं बारीक दप्तर आपल्याकडे क्वचितच दुसरं असेल. ते विश्वासार्ह ठरतं, याचं मुख्य कारण उपाध्यांचा स्वार्थ हेच आहे, असं माझं मत आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की दक्षिणेसाठी लिहिलेल्या वहीचा भरवसा काय धरायचा? पण दक्षिणा मिळायची ती नोंद खरी असेल तरच. यजमानकृत्य ही वतनासारखी वडिलार्जित मिळकत होती; भाऊ वेगळे झाले की यजमानही वाटले जात आणि त्यावरून तंटे होत. गाव किंवा आजोबाचं नाव चुकीचं लिहिणाऱ्याचा यजमान पुढच्या पिढीत शेजारच्या उपाध्याकडे गेला असता. शिवाय वाचून दाखवलेलं नाव बरोबर की चूक हे समोर बसलेल्या नातवाला कळत असे. राजाच्या स्तुतीसाठी लिहिलेल्या बखरीला अशी कसोटी लागत नाही. वह्या जीर्ण झाल्यावर नकला होत आणि नकलेत चुका शिरत हे खरं. पण एकाच घराण्याच्या नोंदी नाशिक, काशी, गया अशा ठिकाणी परस्परांशी संबंध नसलेल्या हातांनी केलेल्या असतात. त्या ताडून पाहता येतात.

हे काम किती दूरवर नेता येतं, ते कलेतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी दाखवलं. पहाडी चित्रांवर चित्रकारांची नावं क्वचितच असतात, म्हणून शैलींना गुलेर, कांगडा अशी संस्थानांची नावं पडली होती. गोस्वामींनी हरिद्वारच्या पंड्यांच्या लांबट, अरुंद वह्यांत चित्रकारांच्या घराण्यांचा माग काढला. १७६३ साली आपला आश्रयदाता बलवंतसिंह याच्या अस्थी घेऊन आलेल्या नैनसुख या चित्रकाराची स्वहस्ते केलेली नोंद त्यांना मिळाली, तीही त्याने काढलेल्या चित्रासकट. अशा नोंदी जुळवत त्यांनी १९६८ साली मांडलं, की शैलीचा खरा आधार संस्थान नसून घराणं आहे. चित्रकार दरबार बदलत, हात घरचाच राही. शेकडो वर्षांचं अनामपण दूर झालं ते ‘कुठून आलात’ या प्रश्नाच्या उत्तरांमुळे. मला ही आपल्या इतिहासलेखनातली फार मोठी गोष्ट वाटते.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. ज्याला प्रवास परवडला नाही, ज्याला जातीमुळे घाटावर उभंच राहू दिलं नाही, तो या वहीत नाही. बायका बहुधा कुणाची तरी पत्नी, कुणाची तरी आई म्हणून येतात. ही उणीव कशानेही भरून निघत नाही आणि वहीवरून साऱ्या समाजाबद्दल बोलणाऱ्याने ती विसरू नये. मात्र सरकारी आकडे इथे आपोआप सरस ठरत नाहीत. १८८१ च्या जनगणनेत जन्मस्थळ विचारलं गेलं. पण छापून आल्या त्या जिल्हावार बेरजा. मुंबईत रत्नागिरी जिल्ह्यातले किती जण होते हे त्यांतून समजतं. कोणत्या वाडीतलं कोणतं घर, कोणत्या पिढीत आलं, हे समजत नाही. ते वह्यांतच सापडतं, आणि हरिद्वारच्या पुष्कळ वह्यांचं सूक्ष्मचित्रण अमेरिकेतल्या यूटाच्या वंशावळ संस्थेने करून ठेवलं आहे. नाशिक-त्र्यंबकच्या चोपड्या अभ्यासायच्या तर मोडी जाणणारी माणसं हवीत, आणि उपाध्यांच्या घरांशी विश्वासाचं नातंही हवं, कारण ती चोपडी आजही त्यांच्या चरितार्थाचं साधन आहे.